जुन्या ट्रकच्या इंजिनातील टायमिंग चेन बदलण्याची रीत

शेतात माल पिकविणे हे शेतकऱ्याचे अर्धे काम होय. पिकविलेला माल सुस्थितीत व वेळेवर बाजारात पोहोचविणे हे उरलेले अर्धे काम. पालेभाजी, टोमॅटो, केळी यांसारखा नाशिवंत माल भरलेली गाडी वाटेत एक रात्र अडकून पडली, तर कित्येक महिन्यांच्या श्रमाचे मोल एका रात्रीत घटते. म्हणून ज्या शेतकऱ्याच्या अथवा सहकारी संस्थेच्या पदरी जुना ट्रक आहे, त्यांनी त्याच्या इंजिनाची निगा बैलांच्या निगेइतकीच मनावर घ्यावयास हवी.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील डॉज कंपनीचे ट्रक मोठ्या संख्येने लष्कराच्या उपयोगात होते. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात डॉज, फार्गो व डिसोटो या नावांचे ट्रक बनविले. या घराण्यातील पेट्रोलवर चालणारे सहा सिलिंडरचे इंजिन साधे, दणकट व दुरुस्तीस सोपे असे आहे. युद्धकाळातील डॉज ट्रकमध्ये त्याचे आकारमान २३० घनइंच, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर इतके होते. असे ट्रक आता थोडेच उरले आहेत. तथापि जे उरले आहेत ते नीट निगा राखल्यास अजूनही काम देतात. त्यांच्या इंजिनातील एका महत्त्वाच्या भागाची, म्हणजे टायमिंग चेनची, माहिती या लेखात दिली आहे.

टायमिंग चेनचे कार्य

इंजिनात दोन मुख्य दांडे फिरत असतात. पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरतो तो क्रँकशाफ्ट, आणि व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमशाफ्ट. व्हॉल्व्ह मिटविण्याचे काम स्प्रिंग करते. पिस्टन कोठे असता कोणता व्हॉल्व्ह उघडावा व केव्हा मिटावा, हे ठरलेले असते. हा मेळ राखण्यासाठी दोन्ही दांड्यांच्या पुढील टोकांवर दातेरी चक्रे बसवून ती एका साखळीने जोडलेली असतात. हीच टायमिंग चेन होय. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणून कॅमशाफ्टच्या चक्राला क्रँकच्या चक्राच्या दुप्पट दाते असतात. या इंजिनात ठिणगीची वेळ ठरविणारा डिस्ट्रिब्युटरदेखील कॅमशाफ्टच्याच गतीवर चालतो. तेव्हा साखळी सैल झाली की व्हॉल्व्ह आणि ठिणगी या दोहोंची वेळ एकदमच चुकते.

साखळीची प्रत्येक कडी खिळीवर फिरते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने खिळी व तिचे भोक झिजते. एका कडीची झीज डोळ्यांना दिसणार नाही इतकी अल्प असते, परंतु सर्व कड्यांची झीज मिळून साखळी लांबते. मग कॅमशाफ्ट क्रँकच्या मागे पडू लागतो. मळके तेल, कमी तेल आणि फार दिवस न बदललेले तेल ही या झिजेची मुख्य कारणे आहेत.

झिजेची लक्षणे

साखळी एकाएकी क्वचितच तुटते. बहुधा ती पूर्वसूचना देते. इंजिन मंद गतीने चालत असता, अथवा वेगात असताना ॲक्सिलरेटरवरील पाय उचलताच, पुढील झाकणाच्या आतून खडखड असा आवाज येतो. गाडी चढावर पूर्वीसारखी ओढत नाही, इंजिन लवकर तापते, पेट्रोल जास्त लागते. ठिणगीची वेळ जुळवून दिली तरी ती स्थिर राहात नाही. कधीकधी कार्ब्युरेटरमधून फट्कन उलटा भडका येतो.

परंतु एवढ्यावरून साखळीला दोष देऊन इंजिन उकलावयास घेणे योग्य नाही. पाण्याच्या पंपाचे बेअरिंग, डायनॅमोची पुली, सैल झालेला पंखा यांचेही आवाज त्याच बाजूने येतात. त्यांची निवड करण्याची रीत सोपी आहे. पंख्याचा पट्टा काढून थंड इंजिन अर्धा मिनिट चालवावे. आवाज बंद झाला, तर दोष साखळीत नसून पट्ट्यावर चालणाऱ्या भागांत आहे. पट्टा नसता पाणी फिरत नाही, म्हणून इंजिन याहून अधिक वेळ चालवू नये. तसेच इंजिनावर भार पडताच जो जड ठोका ऐकू येतो, तो बहुधा क्रँकच्या बेअरिंगचा असतो. नवी साखळी घालून तो जाणार नाही. झिजलेल्या रिंगांमुळे निळा धूर येत असेल, तर त्यावरही साखळी हा उपाय नव्हे.

झाकण न उघडता मोजमाप

साखळी किती सैल झाली आहे, हे झाकण न उघडताही अजमावता येते. प्रथम बॅटरीची तार सोडावी, गिअर मोकळा करावा आणि सर्व प्लग काढावेत, म्हणजे इंजिन हलके फिरते. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आतील रोटर दिसेल असे करावे. हँडलने इंजिन नेहमीच्या दिशेने, म्हणजे समोरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे, सावकाश फिरवून थांबावे आणि पुलीवर व तिच्यासमोरील स्थिर भागावर खडूने एकमेकींसमोर खूण करावी. मग इंजिन अगदी हळूहळू उलट दिशेने फिरवावे. हँडल उलट दिशेने पकड घेत नाही. यासाठी सपाट जागी गाडी टॉप गिअरमध्ये घालून दोघांनी ती इंचाइंचाने मागे ढकलावी. तिसऱ्या माणसाने रोटरवर नजर ठेवावी व तो हलू लागताच इशारा द्यावा. रोटर हलण्यापूर्वी पुली जितकी फिरली, तितकी साखळीची ढिलाई समजावी. डिस्ट्रिब्युटरच्या जोडातील थोडी ढिलाई यात मिसळलेली असते, हे ध्यानात ठेवावे.

हे अंतर अंशांत काढण्यासाठी पुलीचा घेर दोरीने मोजावा. घेराचा छत्तिसावा भाग म्हणजे १० अंश. उदाहरणार्थ, घेर ५४ सेंटिमीटर भरला तर १५ मिलिमीटर म्हणजे १० अंश होत. ढिलाई पाच अंशांच्या आत असल्यास साखळीला हात लावण्याचे कारण नाही. दहा अंशांच्या आसपास अथवा त्याहून अधिक असल्यास झाकण उघडून साखळी तपासावी. हे मोजमाप दरवर्षी करून तारखेसह वहीत लिहून ठेवल्यास झीज कोणत्या गतीने वाढत आहे हे कळते व काम सोयीच्या वेळी काढता येते. पावसाळ्यात गाडीस काम कमी असते; ऊस व भाजीपाल्याची वाहतूक सुरू होण्यापूर्वी ही दुरुस्ती उरकावी.

गाडी वाटेत एकाएकी बंद पडली व साखळी तुटल्याचा संशय आला, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून हँडल मारावे. इंजिन फिरत आहे पण रोटर फिरत नाही, असे दिसल्यास साखळी अथवा डिस्ट्रिब्युटरचा जोड तुटला असे समजावे. मग पुनःपुन्हा स्टार्टर मारून बॅटरी उतरवीत बसू नये. माल दुसऱ्या गाडीत भरून पुढे धाडावा.

साहित्य व पूर्वतयारी

नवी साखळी आणण्यापूर्वी जुनीची जात, रुंदी व कड्यांची संख्या यांची खात्री करावी. इंजिनाच्या अंगावर कोरलेला क्रमांक दुकानदारास दाखवावा. एकाच नावाच्या ट्रकमध्ये निरनिराळ्या काळी निरनिराळी इंजिने बसविली गेली आहेत, म्हणून केवळ ट्रकचे नाव सांगून भाग आणू नयेत. शक्य तो दोन्ही दातेरी चक्रेही नवीच घ्यावीत. जुन्या चक्राचे दाते झिजून आकड्यासारखे वाकलेले असल्यास ते नवी साखळी थोड्याच काळात खाऊन टाकते. साखळीबरोबर झाकणाचे गॅस्केट व पुढील ऑइल सीलही आणावे.

पान्यांशिवाय एक चांगला पुलर अवश्य लागतो. पुली हातोड्याने ठोकून काढण्याचा प्रयत्न केल्यास ती वाकते. पुलर ही काही प्रत्येकाने विकत घ्यावयाची वस्तू नव्हे. गावातील सहकारी संस्थेने एक घेऊन ठेवल्यास सर्वांची सोय होते.

गाडी सपाट व सावलीच्या जागी उभी करून चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे लावावेत. बॅटरीची तार सोडावी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरमधील पाणी काढावे. जवळ विडी अगर दिवा नसावा.

उकलण्याची रीत

रेडिएटर, पंख्याचा पट्टा व जरूर तर पंखा काढून पुढील जागा मोकळी करावी. ज्या गाडीत इंजिनाचा पुढील आधार झाकणाच्या भागाशीच जोडलेला असेल, तेथे तो सोडण्यापूर्वी इंजिनाखाली जाड फळी घालून जॅकचा टेका द्यावा.

यानंतर पिस्टन वरच्या टोकास आणावा. या इंजिनात पहिला व सहावा पिस्टन एकाच वेळी वर येतात. सहाव्या सिलिंडरच्या वर हेडमध्ये एक लहान बूच असते. ते काढून त्या भोकातून सरळ, गुळगुळीत तार पिस्टनवर टेकवावी आणि इंजिन हाताने हळू फिरवावे. तार वर चढण्याची थांबली म्हणजे पिस्टन वरच्या टोकास आला. तार हातातून सुटून आत पडणार नाही अशी तिला वरच्या टोकास गाठ किंवा वळण द्यावे व काम होताच ती काढून घ्यावी. या स्थितीत रोटरचे तोंड कोणीकडे आहे, त्याची खूण डिस्ट्रिब्युटरच्या कडेवर करावी.

क्रँकच्या टोकाचा, हँडल अडकविण्याचा नट सोडून पुलरने पुली काढावी. पुलरची पकड पुलीच्या मध्यभागी असावी, कडेवर नव्हे. मग झाकणाचे बोल्ट काढावेत. हे बोल्ट कमीअधिक लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवावा, म्हणजे बसविताना घोटाळा होत नाही. झाकणाची खालची कड तेलाच्या चेंबरला टेकलेली असते. तेथील पॅकिंग फाटणार नाही अशा बेताने झाकण अलग करावे. क्रँकवर साखळीपुढे तेल उडवून लावणारी एक बशीसारखी चकती असते. तिची कोणती बाजू बाहेर आहे हे पाहूनच ती काढावी.

आता साखळी व दोन्ही चक्रे दिसू लागतील. प्रत्येक चक्रावर एक खूण कोरलेली असते. इंजिन फिरवून दोन्ही खुणा एकमेकींसमोर, म्हणजे दोन्ही दांड्यांच्या मध्यबिंदूंना जोडणाऱ्या सरळ रेषेवर आणाव्यात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत अशी स्थिती एकदाच येते. याकरिता क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा लागल्यास रोटरचे तोंड बदलेल. तेव्हा त्याची नवी खूण करावी. खुणा तेलाच्या कीटाने झाकलेल्या असतात, म्हणून रॉकेलच्या फडक्याने पुसून व पांढरा रंग लावून त्या स्पष्ट कराव्यात. खुणा जुळविल्यावाचून साखळी काढू नये.

नंतर कॅमशाफ्टच्या चक्राचे बोल्ट सोडून ते चक्र साखळीसह पुढे ओढून घ्यावे. क्रँकचे चक्र पुलरने काढावे. त्याखालील अर्धचंद्राकृती चावी हरवू देऊ नये. साखळी निघाल्यानंतर दोन्हीपैकी कोणताही दांडा फिरवू नये.

बसविण्याची रीत

सर्व भाग रॉकेलने धुऊन कोरडे करावेत. झाकणाच्या व इंजिनाच्या कडांवरील जुने गॅस्केट खरवडताना चेंबरचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकावे, म्हणजे कचरा तेलात पडत नाही. चावी झिजलेली असल्यास बदलावी.

क्रँकचे नवे चक्र चावीवर पूर्णपणे बसवावे. साखळीस इंजिनाचे तेल लावून ती दोन्ही चक्रांवर अशी चढवावी की खुणा पुन्हा समोरासमोर येतील, आणि मग कॅमशाफ्टचे चक्र आपल्या जागी सरकवून बोल्ट घट्ट करावेत. बोल्टांना कुलपी पत्रे असतील, तर नवे घालून कडा दुमडाव्यात. दोन्ही चक्रांच्या तोंडावर सरळ पट्टी धरून ती एका रेषेत आहेत ना, हे पहावे. एक पुढे व एक मागे राहिल्यास साखळी एका अंगाने झिजते.

एका दाताची चूक क्षुल्लक वाटते, परंतु तिचा हिशेब करून पहावा. क्रँकच्या चक्राला समजा २० दाते आहेत. पूर्ण फेरा ३६० अंशांचा. म्हणजे एका दाताची चूक क्रँकच्या १८ अंशांची झाली. सैल झालेल्या जुन्या साखळीपेक्षाही ही चूक मोठी आहे! सर्व खर्च व श्रम करून इंजिन पूर्वीहून वाईट चालावयाचे, असा प्रकार यातूनच घडतो.

म्हणून झाकण लावण्यापूर्वी हँडलने अथवा पान्याने इंजिन सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावे. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा तंतोतंत समोरासमोर आल्या पाहिजेत व रोटर आपल्या खुणेवर आला पाहिजे. न आल्यास साखळी काढून पुन्हा बसवावी. या तपासणीस पाच मिनिटे लागतात. ती चुकविल्यास सर्व काम पुन्हा करावे लागते.

खात्री झाल्यावर तेलाची चकती पूर्वीच्याच बाजूने ठेवावी, झाकणात नवे ऑइल सील बसवून त्याच्या ओठास तेल लावावे आणि झाकण बोल्ट हलके लावून बसवावे. पुली आत सरकवून झाकण मध्यावर आले की मगच बोल्ट आळीपाळीने घट्ट करावेत. याप्रमाणे केल्यास सील एका बाजूस दबत नाही व तेल गळत नाही.

पहिल्यांदा चालू करताना

रेडिएटर बसवून पाणी भरावे. जुने तेल काढून नवे घालावे, कारण कितीही जपले तरी थोडा कचरा आत जातोच. नव्या साखळीमुळे कॅमशाफ्ट आपल्या योग्य जागी पुढे येतो व त्याबरोबर ठिणगीही लवकर पडू लागते. झिजलेल्या साखळीस अनुसरून पूर्वी केलेली जुळणी आता चालणार नाही. ठिणगीची वेळ नव्याने जुळवावी. प्लगच्या तारा १-५-३-६-२-४ या क्रमानेच लावाव्यात.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठीभोवती वळवू नये, आणि हँडल खालून वर ओढावे. उलट फटका बसून मनगट मोडल्याची उदाहरणे घडतात. बंद खोलीत इंजिन चालवू नये. धुरातील विषारी वायूस वास नसतो. इंजिन चालू होताच तेलाचा दाब पहावा, पुढील भागातून तेल गळते का तपासावे. माल न भरता काही मैल फेरी करून आल्यावर बाहेरील सर्व बोल्ट एकदा पुन्हा पहावेत. गाडी रस्त्यावर मालवाहतुकीस न्यावयाची असल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणी व योग्यता प्रमाणपत्र चालू असणे अवश्य आहे.

इतर इंजिनांसंबंधी सूचना

वर दिलेली रीत सर्व इंजिनांना जशीच्या तशी लावू नये. या पेट्रोल इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूस असतात. साखळी तुटली तरी ते पिस्टनवर आदळत नाहीत. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनच्या माथ्यावर असतात, तेथे साखळी निघालेली असता एखादा दांडा फिरविल्यास व्हॉल्व्ह वाकण्याचा संभव असतो. पर्किन्स पी-६ या डिझेल इंजिनातही टायमिंग चेन असते, परंतु इंधन फवारणारा पंपदेखील तीच चालविते. तेथे फवारणीची वेळ जुळवावी लागते व ते काम जाणत्या डिझेल कारागिराकडेच सोपवावे. १९५४ साली जमशेदपूर येथे सुरू झालेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकच्या इंजिनात साखळीऐवजी दातेरी चाके एकमेकांत गुंतलेली असतात. त्यात साखळी शोधण्याचे कारण नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील जुन्या ट्रकांची विचारपूस करून, एखाद्या ठिकाणी हे काम निघाले असता गावातील तरुणांना ते पाहावयास बोलवावे. पुस्तक वाचून जे समजत नाही, ते उघड्या झाकणासमोर अर्धा तास उभे राहिल्याने समजते. शेतकरी बांधवांनीही तीन गोष्टी ध्यानी धराव्यात: बदलण्यापूर्वी मोजावे, उकलण्यापूर्वी खूण करावी, झाकण्यापूर्वी हाताने फिरवून पहावे. एवढे पथ्य पाळल्यास जुने इंजिन हंगामात दगा देणार नाही आणि शेतात पिकलेला माल ताजा असतानाच बाजार गाठील.